बाबागाडीचे चाक आणि माणसाची मोजणी

काही वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तर भागातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू सुट्टीवर असताना, महिनाभर सेवेसाठी राहण्याचा योग आला. रविवारी दहाच्या मिस्सेला तरुण कुटुंबे बरीच येत. त्यांची तान्ही मुले बाबागाडीतून येत आणि त्या गाड्या चर्चच्या प्रवेशदालनात ओळीने उभ्या राहत. मिस्सा संपली की मी दारात उभा राहून लोकांना निरोप देत असे. मुलाकडे वाकून पाहावे, गालाला बोट लावावे, आईवडिलांशी दोन शब्द बोलावेत, हा आपल्याकडचा परिपाठ मी तेथेही चालू ठेवला होता.

दुसऱ्या रविवारी एक गोष्ट ध्यानात आली. एक तरुण आई बाळाला कडेवर घेऊन आत येई, अगदी शेवटच्या बाकावर बसे आणि अखेरच्या आशीर्वादापूर्वीच निघून जाई. त्या दिवशी काही कामासाठी मी मागच्या दाराने बाहेर पडलो, तर ती चर्चच्या मागील भिंतीला लावून ठेवलेल्या बाबागाडीत मुलाला बसवत होती. गाडी जुनी होती. कापड विटले होते आणि दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी सहज विचारले, "गाडी आत का आणत नाही? पाऊस आला तर भिजेल." ती हसली आणि म्हणाली, "फादर, लोक आधी गाडी पाहतात आणि मग मुलाला." क्षणभर थांबून तिने पुढे दोनच शब्द उच्चारले, "तुम्हीसुद्धा पाहता."

तिचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. पहिल्याच रविवारी मी एका कुटुंबाच्या झगझगीत, उंच चाकांच्या गाडीजवळ थांबलो होतो आणि "ही गाडी आहे की रथ?" असे म्हणून सर्वांना हसवले होते. आतल्या मुलाचे नाव विचारायचे राहूनच गेले होते. त्याच वेळी ही आई आपली मोडकी गाडी घेऊन माझ्या बाजूने गेली असणार. मला ती दिसलीदेखील नव्हती.

एवढ्याशा वाहनात माणसाची पत मोजण्याची शक्ती कोठून आली, या प्रश्नाने त्यानंतर माझा पाठपुरावा केला. त्यानिमित्ताने जे वाचनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

नावाची कहाणी

इंग्रजीत बाबागाडीला 'प्रॅम' म्हणतात. तो 'परॅम्ब्युलेटर' या लांबलचक शब्दाचा संक्षेप आहे. सेमिनरीत लॅटिनचे धडे घोटलेल्या आम्हा मंडळींना त्यातील 'अंबुलारे' म्हणजे चालणे हे क्रियापद लगेच ओळखू येते. 'पेर-अंबुलारे' म्हणजे एखादा प्रदेश चालून पालथा घालणे. हा शब्द मुलांच्या गाडीला चिकटण्याच्या पुष्कळ आधी एका निराळ्याच वस्तूचे नाव होता. जमिनीची मोजणी करणारे लोक दांडा लावलेले एक मोठे चाक रस्त्यावरून ढकलीत नेत. चाकाचे किती फेरे झाले यावरून अंतर काढले जाई. त्या चाकाला परॅम्ब्युलेटर म्हणत. भारतात इंग्रजी अमदानीत जी भूमापने झाली, त्यांतही रस्ते मोजण्यासाठी ही चाके फिरली आहेत. मुलांच्या गाडीला हे नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. नाव देणाऱ्यांच्या मनात फक्त फिरणे, हिंडणे एवढाच अर्थ असावा. पण पुढील दीडशे वर्षांचा इतिहास पाहता जुना अर्थही सुटला नाही, असेच म्हणावे लागते. चाक तेच राहिले. पूर्वी ते रस्ता मोजीत होते, आता ते ढकलणारा माणूस मोजू लागले.

मुलासाठी खास बनवलेल्या गाडीचा उल्लेख इंग्लंडमध्ये १७३३ सालापासून मिळतो. डेव्हनशरचे तिसरे ड्यूक यांनी विल्यम केंट या नामांकित वास्तुशिल्पी व उद्यानरचनाकाराकडून आपल्या मुलांसाठी ती करवून घेतली. शिंपल्याच्या आकाराची बैठक, तिला सर्पाकृती आधार, आणि पुढे शेळी किंवा लहानसे तट्टू जुंपण्याची सोय, असा तिचा थाट होता. सर्प हे ड्यूकच्या घराण्याचे चिन्ह होते. म्हणजे मुलाला फिरवणे हा जेवढा हेतू, तेवढाच घराणे मिरवणे हादेखील होता. गोष्ट आरंभीच अशी सुरू झाली!

शंभर वर्षे अशा गाड्या उमराव घरांच्या बागेतच राहिल्या. १८४० च्या दशकात व्हिक्टोरिया राणीने आपल्या मुलांसाठी गाड्या विकत घेतल्या आणि सधन मध्यमवर्गाचे लक्ष तिकडे गेले. या गाड्या पुढून ओढायच्या असत. ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे, तेव्हा मूल वाटेत पडले तरी कळू नये, असा तो प्रकार. १८५३ साली चार्ल्स बर्टन याने मागून ढकलण्याच्या गाडीचे पेटंट घेतले. ओढायचे ते ढकलायचे, एवढाच बदल; पण त्याने गाडी बागेतून शहराच्या पदपथावर आली. मूल ढकलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आले आणि त्याच वेळी साऱ्या गावाच्याही डोळ्यांसमोर आले.

पदपथावरचे न्यायाधीश

नवी वस्तू रस्त्यावर आली की तिच्यावर पहिला निवाडा बहुधा प्रतिकूलच होतो. लंडनच्या पदपथांवर या तीनचाकी गाड्यांची गर्दी होऊ लागताच लोक कुरकुरू लागले. पायांवरून चाके जातात, दायांचे लक्ष मुलांकडे नसून दुकानांच्या काचांकडे किंवा बागेत भेटणाऱ्या शिपायांकडे असते, अशा तक्रारी होऊ लागल्या. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाला तर हा हक्काचा विषय मिळाला. डॉक्टरांनीही आपले मत दिले: अशक्त पाठीच्या मुलांना तासन्‌तास बसते ठेवणे आणि थंडीत निश्चल फिरवणे त्यांच्या प्रकृतीला हानिकारक आहे. मूल आईच्या किंवा दाईच्या हातांवरच शोभते, त्याला चाकांवर टाकणारी आई निष्काळजी, असा एक सूर होता.

हा सूर किती टिकला? फार तर एक पिढी. १८८० च्या सुमारास मुलाला आडवे निजवता येईल अशा, पाळण्यासारख्या खोल गाड्या प्रचारात आल्या आणि निवाडा उलटा फिरला. आता जिच्याकडे गाडी नाही, ती आई गरीब ठरली. वेल्समध्ये आणि उत्तरेकडील गिरण्यांच्या गावांत बायका मोठ्या शालीत मूल गुंडाळून ती शाल स्वतःच्या अंगाभोवती घट्ट लपेटीत आणि दोन्ही हात कामाला मोकळे ठेवीत. आपल्याकडील झोळीचीच ती थंड प्रदेशातील बहीण. त्या शालीत ऊब होती, आईच्या हृदयाचे ठोके होते. परंतु शाल ही गरिबीची खूण ठरली आणि गाडी ही प्रतिष्ठेची.

येथे एक क्षण थांबण्यासारखे आहे. मुलाला हातांवर न घेणारी आई काल दोषी होती. आज हातांवर घेणारी आई दोषी झाली. मुलाच्या हिताविषयीचे ज्ञान एवढ्या थोड्या अवधीत उलटेपालटे झाले असेल, हे संभवत नाही. बदलली ती किंमत. जोवर गाडी विरळ होती तोवर तिच्यावर टीका करणे हा सभ्यपणा होता. ती सधनांच्या घरोघरी पोहोचल्यावर नसणाऱ्यावर टीका करणे हा सभ्यपणा झाला. दोन्ही वेळी बोट मात्र आईकडेच रोखलेले होते.

गाडी कोणाची, ढकलते कोण?

मोठ्या घरांत आई स्वतः गाडी ढकलीत नसे. ते दाईचे काम. १८९२ साली एमिली वॉर्ड यांनी लंडनमध्ये दायांना प्रशिक्षण देणारी नॉरलंड संस्था स्थापन केली. या दाया मोलकरणींहून निराळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना खास गणवेश दिला गेला. संस्थापिकेचा हेतू चांगला होता. बालसंगोपन हे विद्या मागणारे काम आहे, हे तिने समाजाला पटवले. पण गणवेशही एक खूण ठरला. हाइड पार्क व केन्सिंग्टन उद्यान येथे दुपारी दायांचे मेळे जमत आणि त्यांत मालकांच्या दर्जाप्रमाणे दायांचाही दर्जा ठरे. पदवीधारी सरदारांकडील दाया एका बाकावर बसत, आणि साध्या घरच्या दाईने तेथे बसण्याचे धाडस केल्यास तिला शांतपणे उठवले जाई. गाडीची चकाकी, पांघरुणाची लेस, बाजूवरील कुलचिन्ह, या सर्वांची दखल घेतली जाई. जिचे स्वतःचे काहीच नाही, तिनेही दुसऱ्याच्या वैभवाच्या जोरावर आपल्याच बहिणीला खाली लेखावे, हा मनुष्यस्वभावाचा किती विषण्ण करणारा नमुना आहे!

या दृश्यात आपलेही लोक आहेत. भारतातून मायदेशी जाणाऱ्या इंग्रज कुटुंबांबरोबर बोटीवर मुलांना सांभाळण्यासाठी आया जात. मुंबईत तर गोव्याच्या ख्रिस्ती स्त्रिया या कामावर बऱ्याच होत्या, आणि आपल्या वाचकांपैकी काहींच्या पणजीची आठवण येथे जागी होईल. बोट लंडनला लागली की काहींना परतीचे भाडे न देताच कामावरून काढून टाकले जाई. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये 'आयांचे घर' चालवले जात होते. १९०० साली लंडन सिटी मिशन या संस्थेने ते हॅक्नी भागातील किंग एडवर्ड्स रोडवर नेले. २०२२ साली त्या इमारतीवर स्मृतिफलक लावण्यात आला. ज्या हातांनी साहेबाची मुले जपली, त्या हातांची नोंद भिंतीवर व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी गाडी पाहिली, गाडीतील मुलाच्या घराण्याची चौकशी केली. ढकलणारीचे नाव कोणी विचारले नाही.

हप्त्यांवर घेतलेली प्रतिष्ठा

१८७७ साली लीड्स या गिरण्यांच्या शहरात विल्यम विल्सन या कारागिराने 'सिल्व्हर क्रॉस' नावाने बाबागाड्या बनवण्यास प्रारंभ केला. नाव ऐकून धार्मिक वाटते, पण ते मूळचे लीड्समधील एका रस्त्याचे. विल्सनची करामत होती ती स्प्रिंगांत. घोडागाडीप्रमाणे गाडीचा कोठा पट्ट्यांवर टांगलेला असे, त्यामुळे दगडी फरशीवरूनही मूल शांत झोपे. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीच्या कारखान्यात विमानांचे भाग तयार झाले. युद्धानंतर पुन्हा बाबागाड्या आल्या, आता ॲल्युमिनियमच्या कोठ्याच्या. राजघराण्यातील मुले या गाड्यांतून फिरली आणि पुढे गाड्यांना बाल्मोरल, केन्सिंग्टन अशी राजवाड्यांची नावे मिळाली. राजवाडा जमला नाही तरी त्याच्या नावाची गाडी दारात उभी करता येत होती.

ही दारात उभी करण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. मुलांना भरपूर मोकळी हवा मिळावी, असा बालसंगोपनाच्या पुस्तकांचा त्या काळात आग्रह होता. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांचे नाव या बाबतीत सर्वतोमुखी होते. मुलाला गाडीत निजवून तासन्‌तास बाहेर ठेवायचे, ही रीत झाली. मोठ्या घराची गाडी मागच्या हिरवळीवर दिसेनाशी होई. मजुराच्या घराला मागे हिरवळ नव्हती, त्याची गाडी पुढच्या उंबऱ्याबाहेर पदपथावर राही. म्हणून साऱ्या गल्लीची नजर तिच्यावर. खाणीत किंवा गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या घरी आठवड्याच्या पगारातून हप्ते बांधून चांगली गाडी घेतली जाई. खायला कमी पडले तर ते चार भिंतींच्या आत राही, गाडी मात्र बाहेर दिसे. बाहेरून पाहणारा म्हणे, 'ऐपत नसताना केवढा हा डामडौल!' आणि गाडी घेतली नसती तर तोच म्हणाला असता, 'मुलाची काही काळजीच नाही.' गरिबाच्या वाट्याला दोन्ही निवाडे आले.

पण गरिबांनी त्या गाडीचे आणखी काय केले, तेही पाहायला हवे. मूल मोठे झाले की त्याच गाडीतून धुण्याचे गाठोडे सार्वजनिक धुणीघरात जाई. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा रिकाम्या बाबागाड्या घेऊन बायका-पोरे कोळशाच्या वखारीपुढे रांगा लावून उभी होती. एक गाडी धाकट्या भावंडांत, मग बहिणीकडे, मग शेजारणीकडे जाई, आणि शेवटी तिची चाके काढून पोरे फळकुटांच्या गाड्या बनवीत. एकाच वस्तूत इतक्या मुलांची झोप सामावलेली होती. दांड्याला गुंडाळलेल्या चिकटपट्टीकडे मी त्या रविवारी या दृष्टीने पाहिले नव्हते.

आणखी एक रीत सांगितली पाहिजे. स्कॉटलंडमध्ये व उत्तर इंग्लंडमध्ये नवजात मुलाला प्रथमच पाहणारा माणूस गाडीत, उशीजवळ किंवा मुलाच्या मुठीत चांदीचे नाणे ठेवी. मुलाने नाणे घट्ट धरले तर ते मोठेपणी पैसा राखील, असे गमतीने म्हणत. मुलाच्या हातावर रुपया ठेवण्याची आपली पद्धत आणि ही पद्धत यांत काय अंतर आहे? धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंनी मला याविषयी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, तेव्हा गाडीत डोकावणे म्हणजे काहीतरी देणे होते." गाडीत डोकावण्याचे असे दोन प्रकार आहेत. एकात डोळे किंमत काढतात, दुसऱ्यात हात खिशाकडे जातो.

पुरुष कोठे होते?

या साऱ्या कथेत बापाचा उल्लेख आला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. १९५० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधील पुष्कळ पुरुषांना बाबागाडी ढकलताना दिसण्याची लाज वाटे. सोबत चालतील, पण दांड्याला हात लावणार नाहीत. मित्र हसतील, हे भय! वस्तू विकत घेण्यात बापाचे पैसे, मिरवण्यात बापाचे नाव, आणि निवाडा मात्र आईवर. मूल रडले, टोपी नसली, पांघरूण मळले, गाडी मोठी झाली, गाडी लहान झाली, की आई कशी आहे ते सर्वांना कळले!

अखेर या गाडीचे वजन हलके केले ते एका आजोबांनी. ओवेन मॅक्लारेन हे विमान अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाके पंखांत दुमडून घेणाऱ्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. प्रवासात मुलीची नातवंडासह उडणारी तारांबळ पाहून निवृत्त आजोबांना जुनी विद्या आठवली. १९६५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ पासून छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम ३ किलो वजनाची घडीची बाबागाडी बाजारात आली. अगदी तान्ह्या मुलांसाठी ती नव्हती, पण बसू लागलेल्या मुलाच्या आईला ती वरदान ठरली. उंच चाकांची जुनी गाडी बसमध्ये चढत नव्हती, बहुमजली इमारतीच्या जिन्यावरून उतरत नव्हती. आता एका हातात मूल, दुसऱ्या हातात मिटलेली गाडी, अशी आई कोठेही जाऊ लागली. युद्धासाठी शिकलेली कारागिरी आईच्या श्रमासाठी वापरली गेली, याहून सुंदर काय असू शकते?

वाटले असते की आता मोजणी थांबेल. घडीच्या गाड्या स्वस्त झाल्या, सर्वांकडे सारख्या दिसू लागल्या. परंतु खूण सर्वांच्या हाती आली की ती खूण राहत नाही, आणि मोठेपणाला नवी खूण शोधावी लागते. पूर्वी अवजड गाडी श्रीमंती दाखवीत होती. पुढे हलकी गाडी, मग धातू, मग कापड, मग नुसते नाव. १९९४ साली हॉलंडमधील आइंडहोवेन येथील कला-संकल्पन विद्यालयात मॅक्स बारेनब्रुग या विद्यार्थ्याने पदवीसाठी एका गाडीचा आराखडा केला. बापांनाही ती ढकलावीशी वाटावी, हा त्याचा एक हेतू होता, आणि तो स्तुत्यच म्हटला पाहिजे. १९९९ साली ती 'बुगाबू' नावाने विक्रीला आली. २००२ साली एका लोकप्रिय अमेरिकन दूरदर्शन मालिकेत दिसल्यावर तिची किंमत सातशे डॉलरच्या पुढे असूनही मागणी पुरी होईना. न्यूयॉर्क आणि लंडनच्या काही वस्त्यांत गाडीचे नाव पाहून आईची ओळख ठरू लागली. महाग गाडीवालीला 'नटवी' म्हणून हिणवणारेही निघालेच. उंचावरून खाली पाहणे हा एक अहंकार. खालून वर बोट दाखवणे हा दुसरा. दोन्हींत मूल दिसत नाही.

शास्त्रही या खेळातून सुटले नाही. २००८ साली डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाचे तोंड पालकाकडे असलेल्या गाडीत पालक मुलाशी अधिक बोलतात, असे त्यात आढळले. उपयुक्त गोष्ट होती. परंतु स्वस्त गाड्यांत मूल पुढे तोंड करून बसते; मागेपुढे फिरवता येणारी बैठक बहुधा महागड्या गाड्यांत मिळे. म्हणून जो सल्ला उत्पादकांना व धोरण ठरवणाऱ्यांना उद्देशून हवा होता, तो पाहता पाहता गरीब आयांवरील नवा आरोप झाला: पाहा, ही मुलाकडे पाठ... नव्हे, मुलाची पाठ आपल्याकडे करून चालली आहे! वास्तविक दोन पावले पुढे जाऊन, वाकून मुलाशी बोलायला पैसे पडत नाहीत. ते सांगायला कोणी थांबले नाही.

जुन्या गाडीचे दोन न्याय

५ जुलै २०१५ रोजी सँडरिंगहॅम येथील मेरी माग्दालेना चर्चमध्ये राजकन्या शार्लटचा बाप्तिस्मा झाला. तिला ज्या गाडीतून आणले, ती मिल्सन कंपनीची, अर्धशतकाहून अधिक जुनी होती. राणी एलिझाबेथने तीच गाडी आपल्या धाकट्या दोन मुलांसाठी वापरली होती. साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. केवढी साधी राहणी, केवढी परंपरेची जाण! कौतुक अनाठायी नव्हते. पण मला त्या चर्चच्या मागच्या भिंतीजवळची गाडी आठवली. तीदेखील जुनीच होती, तीदेखील आधी दुसऱ्या मुलांनी वापरलेली होती. राजवाड्यातील जुन्या गाडीला वारसा म्हणतात, गल्लीतील जुन्या गाडीला दारिद्र्य. याचा अर्थ, आपण गाडी पाहत होतो असे जे वाटत होते, तेही खरे नव्हते. आपण आधी माणसाची पायरी ठरवतो आणि मग गाडीत तिचा पुरावा शोधतो.

आपण या दोषापासून मुक्त आहोत, असे कोणी समजू नये. आपल्या आज्यांनी साडीच्या झोळीत आणि लाकडी पाळण्यात मुले वाढवली. चालायला शिकवले ते पांगुळगाड्याने. त्या काळीही पाळण्यावरची चिमणाळी लाकडाची की चांदीची, हे बारशाला आलेल्यांनी पाहिलेच असेल. पुढे आखाती देशांत कामाला गेलेल्या मंडळींनी बाबागाड्या आणल्या, आणि आज शहरातील दुकानांत परदेशी नावांच्या गाड्या मिळतात. खड्ड्यांच्या रस्त्यांवर त्या फारशा चालत नाहीत, पण बाप्तिस्म्याच्या छायाचित्रात चांगल्या दिसतात. मुलासाठी चांगले ते घ्यावे, यात पाप नाही. आईबापांचे प्रेम वस्तूंच्या रूपाने प्रकट होणारच. प्रश्न घेणाऱ्याचा कमी आणि पाहणाऱ्याचा अधिक आहे. आपल्या एका नजरेने एखादी आई चर्चच्या दारातून मागच्या भिंतीकडे जाते, हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मला फार चुटपुट लागली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र ती शेवटच्या बाकावर दिसली. अखेरचा आशीर्वाद तिने घेतला, आणि माझ्या सवयीप्रमाणे पुढच्या दाराकडे न जाता मी मागच्या दाराने बाहेर आलो. गाडी तेथेच होती. खिशात चांदीचे नाणे कोठून असणार? एक साधे पौंडाचे नाणे होते, ते मी मुलाच्या मुठीत ठेवले. त्याने ते घट्ट धरले आणि तोंडात घालण्याचा प्रयत्न केला. आईने घाईने ते काढून घेतले आणि आम्ही दोघेही हसलो. मग मी महिनाभर राहून गेलेला प्रश्न विचारला, "याचे नाव काय?"

तिने नाव सांगितले. ते येथे लिहीत नाही. पण माझ्या रोजच्या प्रार्थनेत ते अजून आहे.